राणीच्या डोक्यावरची दोन भोकं

दादा, वहिनीने मला तुझ्या टेबलाशी बसवलंय. बेसमेंटमधलं तेच टेबल, ज्याला कुणी नुसतं बोट लावलं तरी तू हातातला चहा खाली ठेवून त्या बोटाकडे बघत बसायचास. ती म्हणाली, ईशानला मराठी अक्षर लागत नाही, तूच वाच आणि त्याला सांग. म्हणून तू गेल्यापासून तीन शनिवार मी वॉटर्लूहून अर्ध्या तासावरच्या ह्या केंब्रिजला येते, तुझ्या नाण्यांची पाकिटं एकेक उघडते, आतली चिठ्ठी मोठ्याने वाचते आणि तुझा मुलगा लॅपटॉपवर इंग्रजीत टाइप करतो. तुझं अक्षर बघून मुंग्या फिरल्यात असं आई म्हणायची, त्यात काही खोटं नव्हतं.

तांब्याची झाली, चांदीची झाली. सोन्याचं एकच, ते पाकीट मी मुद्दाम खाली सरकवत होते. काल तेवढंच उरलं. चिठ्ठी अशी: ‘राणी. सोनं. डोक्यावर दोन भोकं, शेजारी शेजारी. कुणीतरी गळ्यात घातलेलं. दख्खन?’ आणि त्या ‘दख्खन’वर, प्रश्नचिन्हासकट, एक रेघ. निळ्या पेनाने, हललेल्या हाताची. दवाखान्यातून मधे दोन दिवस घरी आला होतास तेव्हाची असणार. बाकी सगळी चिठ्ठी काळ्या शाईत आहे.

ईशानने विचारलं, हे का खोडलंय? मी म्हटलं, काय माहीत.

मला माहीत आहे. सात वर्षं तुला सांगायची राहिलेली एक गोष्ट माझ्याकडे आहे, आणि ती वेळेवर सांगितली असती तर तू ही रेघ मारली नसतीस. आता सांगून उपयोग काय, असं तू म्हणशील. नाहीच उपयोग. तरी ऐक. आयुष्यभर तू मला ऐकवत आलास, आज माझी पाळी.

इथून पाच-सहा तासांवरच्या कनाटा गावात तुझी नोकरी गेली आणि मग तू नाण्यांकडे वळलास, असं वहिनी सगळ्यांना सांगते. त्यातला मधला भाग ती गाळते. टेलिकॉमवाल्यांनी शेकड्याने माणसं घरी बसवली, त्यात तूही बसलास, आणि बसल्या बसल्या तिला फोडणी कशी करायची ते शिकवायला लागलास. तिने तुला घराबाहेर काढलं. तू एका चर्चच्या तळघरातल्या जुन्या सामानाच्या बाजारात गेलास आणि तिथून एक झिजलेलं रोमन तांब्याचं नाणं घेऊन आलास. त्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तू मला फोनवर तासभर सांगत होतास की उजेड तिरका पाडला तर एक बाई दिसते. मी तेव्हा तुझ्या मेव्हण्याला, विलासला म्हटलं होतं, दादाला नोकरी लवकर लागली पाहिजे.

नोकरी लागली, इथे केंब्रिजला, गाड्यांच्या कारखान्यात. दिवसभर गाड्यांच्या दारांच्या फटी तपासायच्या आणि घरी येऊन दोन हजार वर्षांपूर्वीच्या बायांची नाकं तपासायची. पण बाया सुटल्या नाहीत. सुटतील कशाला? रविवारी आम्ही जेवायला आलो की भाताच्या आधी व्याख्यान. त्या काळी पेपर नव्हते, टीव्ही नव्हता, वाचता किती जणांना येत होतं? मग राजाला लोकांना जे सांगायचं ते तो नाण्याच्या पाठीवर बाई उभी करून सांगायचा. बाईच्या हातात तराजू, म्हणजे आमच्या राज्यात माप खरं. हातात सुकाणू, म्हणजे नशीब आमच्या बाजूने. हातात कणसं, म्हणजे धान्याची जहाजं वेळेवर येतील, घाबरू नका. मी विचारलं होतं, आणि नाही आली जहाजं तर? तू म्हणालास, ज्या वर्षी जहाजं अडकतात त्याच वर्षी कणसं जास्त छापतात गं.

ते हातात हात घेतलेलं नाणं तुझं फार लाडकं. दोन उजवे हात, नुसते मनगटापर्यंत, एकमेकांना धरलेले. सैन्य आमच्याशी एकनिष्ठ आहे असा त्याचा अर्थ. तू म्हणायचास, असे हात दिसले की समजायचं, आत भांडण जोरात लागलंय. तेव्हापासून आपलं वाजलं की दुसऱ्या दिवशी तू मला व्हॉट्सॲपवर त्या हातांचा फोटो टाकायचास. खाली एक शब्द नाही. आईच्या औषधांवरून भांडलो तेव्हा आला, नागपूरचा फ्लॅट विकण्यावरून भांडलो तेव्हा आला. माझ्या फोनमध्ये ते हात अकरा वेळा आहेत. काल मोजले.

राणी आली त्या दिवशी तू वहिनीच्या आधी मला बोलावलंस. मी शाळेची बस डेपोत लावून गणवेशातच आले. तू तळहातावर ठेवलीस. इथल्या दहा सेंटच्या नाण्याएवढीच, पण हाताला वजन कळतं. एका बाजूला तिचा चेहरा, केसांच्या वेण्या डोक्यावर गुंडाळून बांधलेला अंबाडा. आणि अंबाड्याच्या वर, कडेला, दोन बारीक भोकं.

मी म्हटलं, अगं बाई, भोकं पडलेलं कशाला घेतलंस? फसवलं तुला. तू हसलास. भोकं पडली म्हणून तर ही आपल्यासारख्याच्या घरी आली, म्हणालास, धड असती तर मी काचेतून बघून परत आलो असतो.

मग तू तिची गोष्ट सांगितलीस. हे नाणं पाडलं तेव्हा ती जिवंत नव्हती. रोमच्या बादशहाची बायको, त्याच्या आधी गेली. त्याने तिला देवी म्हणून जाहीर केलं, देऊळ बांधलं, आणि तिच्या चेहऱ्याची नाणी पाडायला लावली, सोन्याची, चांदीची, तांब्याची. वर्ष-दोन वर्षं नाही, पुढची कितीतरी वर्षं. काही नाण्यांवर मोर असतो, कारण राजा मेला तर त्याला वर गरुड नेतो आणि राणीला मोर नेतो. मोर तर आपल्या सरस्वतीचा, मी म्हटलं. तू म्हणालास, दोघींनी वाटून घेतला असेल.

मी तुला म्हटलं होतं की हा सगळा देखावा आहे, बायको गेल्यावर चौकात रडणारे पुरुष मी पुष्कळ पाहिलेत, वर्षाच्या आत दुसरी आणतात. त्याने नाही आणली, तू म्हणालास, निदान लग्न तरी केलं नाही. आणि मग चष्मा काढून म्हणालास, त्याला ती रोज हाताखालून जायला हवी होती. तेव्हा मला ते जरा जास्तच वाटलं. आता तुझी टोपी बसमध्ये माझ्या समोर, काचेपाशी ठेवलीय. डोळ्यांपुढे काहीतरी लागतं रे.

नाण्याच्या पाठीवर एक बाई उभी आहे. डोक्यावरून पदर घेतलेला. डाव्या हातात छोटी डबी, उजवा हात पुढे, समोरच्या वेदीवर चिमूट सोडतेय. मी बघताक्षणी म्हटलं, ही धूप घालतेय, आणि तू टेबलावर थाप मारलीस, कारण पुस्तकं वाचून तुला जे कळायला आठवडा लागला ते मला एका नजरेत कळलं. ही देवी नाही, तू म्हणालास, हा एक गुण आहे. देवांशी, आईबापांशी, आपल्या माणसांशी जसं वागायला हवं तसं वागणं. मी म्हटलं, एवढं लांबलचक नको, मराठीत एक शब्द सांग. तो तुला सापडला नाही. दर रविवारी नवा. भक्ती. मग निष्ठा. मग म्हणे कर्तव्य. मी म्हटलं, ‘जाण’ म्हण. आपल्या माणसांची जाण असणं. तू म्हणालास, जाण म्हणजे समज, आणि ही बाई नुसती समजून थांबलेली नाही, ती काहीतरी करतेय. हा वाद आपला मिटलाच नाही. मी अजून ‘जाण’वर ठाम आहे. पण तुझं म्हणणं मला आता बोचतं, कारण समजून थांबणारी मीच निघाले.

आणि ती दोन भोकं. दुकानदाराच्या भाषेत ते नुकसान, तुझ्या भाषेत ती अर्धी गोष्ट. तू सांगायचास की तिकडे रोममध्ये कुणी भोक पाडलं तर एक पाडायचा, जमेल तिथे. पण आपल्याकडे ही नाणी जहाजांनी यायची, मिरे आणि तलम कापड न्यायला, आणि आपले लोक ती गळ्यात घालायचे. एका भोकात ओवलेलं नाणं फिरतं, राणी तिरपी होते. दोन भोकं शेजारी पाडली आणि दोरा आरपार घेतला की ती सरळ राहते, गळ्यात बसून समोर बघते. तू म्हणायचास, सुनी, ही दोन भोकं पाडणाऱ्याला चेहऱ्याची कदर होती. माझा अंदाज आहे की ही आपल्याकडे होती. दख्खनमध्ये. कुठल्या तरी बाईच्या गळ्यात, आणि त्या बाईला ही राणी कोण, कुठली, कधी मेली, काही माहीत नव्हतं.

मी चिडवायची. धड मिळालं नाही म्हणून गोष्ट रचतोयस, द्राक्षं आंबट नाहीत हे सांगायला दोन हजार वर्षं मागे जातोयस. तू चिडायचा नाहीस. ‘पुरावा मिळाला तर काय देशील?’ एवढंच विचारायचास. मी म्हणायची, पुरणपोळी.

चांगलंही सांगते, नाहीतर म्हणशील, गेल्यावरसुद्धा भांडायलाच आली. मी इथे आले तेव्हा रस्ता ओलांडायला घाबरायची. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत तीनदा नापास झाले. विलास म्हणाला, राहू दे, बस आहे ना. तू तेव्हा कनाटात होतास. फेब्रुवारीत, बर्फात, पाच-सहा तास गाडी हाकत आलास, सलग चार शनिवार. रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये मला मुद्दाम बर्फावर ब्रेक मारायला लावलास. गाडी गोल फिरली, मी किंचाळले, तू शेजारी बसून शेंगदाणे खात होतास. म्हणालास, फिरू दे, ती थांबेल, तू स्टिअरिंग सोडू नको. आज चाळीस पोरं मागे बसवून मी पिवळी बस चालवते, कितीही बर्फ असो. एकाही आईला माहीत नाही की तिच्या पोराला शाळेत सुखरूप पोचवणारा माणूस केंब्रिजमध्ये राहत होता.

आता ती दिवाळी.

लक्ष्मीपूजनाचा दिवस. आम्ही चार दिवस तुझ्याकडेच राहायला होतो. वहिनी म्हणाली, ह्या वर्षी राणीलाही पूजेत ठेवू या, आणि तू चक्क हो म्हणालास. तूच पाकिटातून काढून बशीत ठेवलीस, वहिनीच्या बांगड्यांशेजारी. मग तू गेलास विंटर टायर्स लावून घ्यायला. ही बशी बघून मी काय करणार होते? आपल्या घरात वाढलेली कुठलीही बाई जे करेल तेच मी केलं. सोनं देवापुढे जायचं तर आधी धुतलं पाहिजे. नागपूरहून आणलेले रिठे मी सकाळीच भिजत घातले होते. सगळं घेऊन बेसमेंटमध्ये लॉन्ड्री सिंकपाशी गेले. बांगड्या झाल्या, मंगळसूत्र झालं, माझी बोरमाळ झाली. मग राणी. जुना टूथब्रश, रिठ्याचा फेस. अंबाड्याच्या वेणीवेणीतून काळं निघालं आणि ती अशी उजळली की मला भरून आलं. मनात म्हटलं, दादा बघून खूश होईल. आणि ती दोन भोकं बुजलेली होती, मातीने. मग मी टाचणी घेतली.

पहिल्या भोकातून कडक काळा गोळा निघाला, मोहरीएवढा. तो पाण्याबरोबर गेला. दुसऱ्यातून मातीबरोबर टाचणीच्या टोकाला काहीतरी अडकून आलं. तांदळाच्या दाण्याएवढं लांब. ब्रशचा केस असेल म्हणून बोटावर घेतलं, उजेडात धरलं. केस नव्हता. पीळ होता त्याला, दोन पदरांचा. मी काळ्या मण्यांच्या पोती ओवल्यात दादा, पीळ दिलेला दोरा मला कळतो. रंग काळपट लाल. मी बघितलं, मला नवल वाटलं, एवढंच. मग टाचणी आणि बोट, दोन्ही मी शेजारी हुकाला लावलेल्या टॉवेलला पुसलं आणि राणी पुन्हा पाण्याखाली धरली.

तेवढ्यात तू जिना उतरून आलास. ‘काय करून राहिली तू?’ असं म्हणालास. तू नागपूरचं बोलायला लागलास की समजायचं, काहीतरी फार बिनसलंय. मी कौतुकाने राणी पुढे केली. तू ती घेतलीस, खिडकीशी नेलीस, भोकांतून उजेड पाहिलास. ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू एवढंच सांगितलंस की भोकांतला मळ तसाच हवा होता. विद्यापीठातल्या एका बाईंना तू महिनाभर इ-मेल करत होतास. त्या मातीचं परीक्षण करून देणार होत्या. पुढच्या आठवड्यात नाणं घेऊन जायचं ठरलं होतं.

मला ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. आणि आपली चूक झाली की मी काय करते ते तुला माहीत आहे, मीच आवाज चढवते. सोनं मळकं कधी कुणी देवापुढे ठेवतं का, मी म्हटलं. बशीत तूच ठेवलंस ना, मी म्हटलं. मातीत काय सापडणार होतं, आणि सापडून काय दिवे लागणार होते, हेही म्हटलं. तू ऐकून घेतलंस. मग अगदी हळू विचारलंस, ‘भोकात माती सोडून आणखी काही होतं का गं?’

टॉवेल माझ्या कोपराला लागत होता.

मी म्हटलं, ‘मळच होता. दुसरं काय असणार?’

का म्हटलं? सात वर्षं मी स्वतःला हे विचारतेय. तुला वाटेल मी घाबरले. तुला मी कधी घाबरले नाही. मला लाज वाटली. लहानपणापासून घरात तू हुशार आणि मी धांदरट. पाहुण्यांसमोर कप मी फोडायची आणि तुकडे तू गोळा करायचास. पन्नाशी उलटलेली बाई, बर्फात बस चालवणारी, आणि पुन्हा त्याच जागी उभी, तुकडे पायाशी. मातीच काय, दोराही पुसून टाकला, एवढी धांदरट मला तुझ्यासमोर व्हायचं नव्हतं. नुसती माती गेली म्हटलं तर चूक लहान राहत होती.

संध्याकाळी पूजा झाली. राणी झगमगत होती. वहिनीने तिला हळदकुंकू वाहिलं. तू आरती मोठ्याने म्हटलीस, नेहमीसारखी बेसूर. भाऊबीजेला मी तुला ओवाळलं, तू ताटात पाकीट ठेवलंस. आठवड्याने हातात हात घेतलेला फोटो आला. मी त्याला अंगठा पाठवला. म्हणजे तू मिटवलंस, आणि मी मिटलं असं समजायला मोकळी झाले. पण त्यानंतर रविवारच्या व्याख्यानात राणी कधी आली नाही. तराजूवाली यायची, कणसंवाली यायची. मी विचारायची नाही आणि तू काढायचा नाहीस.

खरं सांगायची संधी मला पुष्कळदा मिळाली. शेवटची दवाखान्यात, तू जायच्या बारा दिवस आधी. मी तुझे पाय चेपत होते. बाहेर पार्किंगमध्ये बर्फ काढायची गाडी मागेपुढे करत होती. तू छताकडे बघत म्हणालास, राणीच्या भोकांचं काही खरं नाही गं. इकडेच कुणी पाडली असतील, शंभर वर्षांपूर्वी, कुणा मेमसाहेबाच्या हारासाठी. मीच गोष्ट रचली. आणि मग माझ्याकडे बघून हसलास, ‘तू म्हणतच होतीस.’

दादा, शब्द माझ्या जिभेवर होता. एवढंच म्हणायचं होतं की लाल दोरा होता, मी पाहिला, तू बरोबर असशील. मान्य आहे, दोऱ्याने दख्खन सिद्ध होत नाही. तूच आधी म्हणाला असतास की दोरा मेमसाहेबाचाही असू शकतो. पण असं म्हणताना तू उशीवरून उठून बसला असतास. दोन वाक्यांत मी तुला तुझी राणी परत देऊ शकत होते. मी म्हटलं, ‘पाणी देऊ का?’ तू म्हणालास, दे थोडं.

म्हणून घरी आलेल्या त्या दोन दिवसांत तू ती रेघ मारलीस. त्या चिठ्ठीत तुझा स्वतःचा असा एकच अंदाज होता, तोही तू माझ्या शब्दाखातर खोडलास.

काल ईशानला ‘काय माहीत’ म्हटलं आणि पुढचं काही मला वाचवेना. तो म्हणाला, ‘आत्या, आर यू ओके?’ वहिनी कपड्यांची घडी घालत होती, तिने मान वर केली. मग मी सांगितलं. सगळं, टाचणीपासून पाण्याच्या पेल्यापर्यंत. वहिनीकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून ईशानकडे बघून सांगितलं. पोराला अर्धं मराठी कळत नाही, पण हे सगळं कळलं. तो म्हणाला, ‘यू सॉ इट. यू शुड राइट दॅट डाउन, आत्या. विथ युअर नेम.’ अगदी तुझ्यासारखा, रागावायचं सोडून कागद पुढे करणारा.

मी लिहिलं. तुझ्याच चिठ्ठीच्या खाली, जागा उरली होती तिथे. ‘उजव्या भोकात लाल दोरा होता, दोन पदरी पिळाचा. मी पाहिला. मीच काढून टाकला आणि विचारल्यावर खोटं बोलले. सुनंदा.’ तुझी रेघ मी पुसली नाही. ती पुसायचा हक्क माझा नाही.

मला वाटलं, आता वहिनी उठून वर जाईल. ती घडी घातलेला टॉवेल मांडीवर ठेवून म्हणाली, ‘म्हणून पाडव्याला पाइप खोलला होता त्यांनी.’

मला कळेना. मग तिने सांगितलं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती तुला ओवाळायला ताट घेऊन बसली होती आणि तुझा पत्ता नव्हता. खाली आली तर तू लॉन्ड्री सिंकखाली, नव्या झब्ब्यात, पाइपचा वाकलेला तुकडा खोलून, बादलीतलं घाण पाणी चहाच्या गाळणीने गाळत होतास. गाळलेलं वर्तमानपत्रावर पसरून भिंगातून बघत होतास. तिने विचारलं तर म्हणालास, सुनी म्हणते काही नव्हतं, नसेलच, पण एकदा बघून घेतो. आणि तिला बजावलंस की हे सुनीला सांगू नको, तिला वाटेल माझा तिच्या शब्दावर विश्वास नाही. दोन तास शोधलंस. केस निघाले, तांदूळ निघाले, मातीचा चुरा निघाला म्हणालास, पण साबणात मिसळलेला, कामाचा नाही. वहिनीने ती गाळणी फेकून दिली.

मी तिला विचारलं, तो सिंकशेजारचा टॉवेल कधी धुतलास? ती जरा आठवून म्हणाली, तुम्ही गेल्यावर. भाऊबीज झाली, मग सगळी पांघरुणं आणि तो, एकदमच मशीनमध्ये टाकलं.

मला ती सकाळ आठवते, दादा. पाडव्याला मीच जिन्यावरून हाक मारली होती, चहा निवतोय म्हणून. तू खालून म्हणालास, ‘आलो गं, जरा बघून घेतो.’ मला वाटलं, फर्नेसचं काही असेल. बघावं म्हणून मी दोन पायऱ्या उतरलेही होते. मग स्वयंपाकघरातून कुणीतरी बोलावलं आणि मी परत फिरले.

तू गुडघ्यांवर बसून गाळणीत शोधत होतास. तो टॉवेल तुझ्या डोक्याच्या वर, हुकाला होता.